शेत सोडून दिलं की रान होतं का? आणि ते ठरवायचं कुणी?

निवांत_नांगर | शुक्रवार, रात्री ९.२०

गेले काही आठवडे रिवाइल्डिंगबद्दल हाताला लागेल ते वाचतोय. मराठीत कुणीतरी याला 'पुनर्वन्यीकरण' म्हटलंय. तो शब्द उच्चारून होईपर्यंत एखादं रोपटं वर यायचं, त्यामुळे मी आपला रिवाइल्डिंगच लिहितो. अर्थ सरळ आहे: जमिनीवरून माणसानं हात काढून घ्यायचा, फार तर सुरुवातीला थोडा धक्का द्यायचा, आणि मग जे येईल ते येऊ द्यायचं.

खरं तर आपल्या भाषेनं हा घोळ आधीच करून ठेवलाय. 'रान' म्हणजे जंगलही आणि शेतही. 'बाबा रानात गेलेत' म्हटलं की ते वाघ बघायला गेलेले नसतात, पाणी द्यायला गेलेले असतात. आणि ज्या रानात कुणीच जात नाही ते 'पडीक'. म्हणजे वाया गेलेलं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात जुनं उदाहरण इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राचं. तिथं ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाला कुठलं खत किती मानवतं याचे प्रयोग चालू आहेत. १८८२ मध्ये त्यातला अर्ध्या एकराच्या आसपासचा तुकडा कुंपण घालून, उभा गहू न कापता, तसाच सोडला. दाणे गळले, पुन्हा उगवले, तणाशी भांडले. तीन-चार वर्षांत गव्हाची मोजकी ताटं उरली, तीही इतकी खुरटी की हा गहू आहे हे सांगावं लागावं. हजारो वर्षं माणसानं कडेवर घेतलेलं पीक चार हंगामही पायावर उभं राहिलं नाही.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या तुकड्याच्या एका भागाला पुन्हा कुणी हात लावला नाही. तिथं आज चांगलं मोठ्या झाडांचं जंगल आहे. शेजारच्या भागात दरवर्षी फक्त झुडपं उपटत राहिले. तिथं जंगल नाही, गवत आणि रानफुलं आहेत. माती तीच, पाऊस तोच, सुरुवात एकाच दिवशी. तरी दोन वेगळी रानं. म्हणजे 'निसर्गावर सोपवलं' असं आपण म्हणतो तेव्हाही कुठला निसर्ग हवा हे कुणीतरी ठरवलेलं असतंच.

आताचं गाजलेलं उदाहरण म्हणजे दक्षिण इंग्लंडमधली नेप इस्टेट. साडेतीन हजार एकर, पावसाळ्यात बूट ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती. मालक चार्ली बरेल आणि इझाबेला ट्री यांनी तिथं दुधाचा धंदा, गहू, सगळं करून पाहिलं. नवी यंत्रं घेतली, कळप वाढवला, तरी बहुतेक वर्षी तोटाच. शेवटी २००० मध्ये गायी आणि अवजारं विकली आणि पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्यानं जमीन मोकळी सोडली. लांब शिंगांच्या गायी, एक्समूर घोडे, टॅमवर्थ डुकरं आणि हरणं आत सोडली. आज तिथं इंग्लंडात दुर्मीळ झालेला टर्टल डव्ह जातीचा होला आहे, नाइटिंगेल आहेत, २०२० मध्ये पांढऱ्या करकोच्यांनी पिल्लं काढली.

मला हे मनापासून आवडतं. तरीही वाचताना सारखं वाटत राहतं की हे जमलं कारण जमीन एकाच घराण्याची होती, सरकारी अनुदान होतं, आणि जमीन मुळात गव्हाच्या लायकीची नव्हती. यातलं एकही नसेल तिथं काय? खर्च कोण सोसतं आणि कौतुक कुणाच्या वाट्याला येतं? इथं शेती करणारे, जीवशास्त्रवाले, हिशोबवाले सगळे आहेत. बोला.

चावडीवाचक | शुक्रवार, रात्री ९.४१

खुर्ची टाकून बसलो आहे. बांधकरी आले की रंगेल.

पाणकोंबडी | शुक्रवार, रात्री ११.०५

मी नेपला एक अख्खा दिवस पायी फिरले आहे, जुलै महिन्यात. फोटोंमुळे डोक्यात हिरवंगार जंगल होतं. प्रत्यक्षात पहिला विचार आला, 'अरे, हे तर पडीक आहे!' कमरेएवढ्या काटेरी जाळ्या, मधेच वाळकं गवत, मधेच उघडी माती, डबकी. नीटनेटकं काहीच नाही. पायवाटेच्या कडेला हिरवळ उलटी करून टाकलेली, जणू कुणी रात्री फाळ फिरवून गेलंय. तो फाळ म्हणजे डुकराचं नाक.

तिथल्या एका फुलपाखराची साखळी सांगते. पर्पल एम्परर नावाचं मोठं, जांभळी झाक असलेलं फुलपाखरू. पूर्वी सगळे धरून चालत की हे दाट ओकच्या जंगलातलं. पण त्याच्या अळ्या खातात सॅलोची पानं. सॅलो हे विलोच्या जातीतलं झुडूप. त्याचं बी कापसासारखं उडतं आणि जेमतेम काही दिवस जिवंत असतं. ते रुजायला त्याच दिवसांत ओली, उघडी माती मिळावी लागते. गवताने झाकलेल्या जमिनीवर पडलं की संपलं. डुकरांनी हिरवळ उकरली, बी पडलं, सॅलो माजला, आणि फुलपाखरं इतकी वाढली की देशातली सगळ्यात मोठी वसाहत आता तिथं आहे. 'डुकरं सोडा म्हणजे जांभळं फुलपाखरू येईल' असं कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक. काट्याच्या जाळीत वाकून पाहिलं तर आत ओकचं कोवळं रोप दिसतं. जे नावाचा पक्षी ओकची फळं पुरून ठेवतो आणि काही विसरतो. भोवतीच्या काट्यांमुळे हरणाचं तोंड आत पोचत नाही. कुणी प्लॅस्टिकची नळी लावलेली नाही, कुणी पाणी घातलेलं नाही.

बांधकरी | शनिवार, सकाळी ६.३०

नमस्कार मंडळी. सकाळची कामं उरकून लिहितोय, त्यामुळे थोडक्यात.

पाणकोंबडीताईंनी छान लिहिलंय, वाचताना मीही त्यांच्याबरोबर फिरलो. पण मी नेपचा मालक म्हणून वाचत नाही. मी त्याचा शेजारी म्हणून वाचतो.

नांगर थांबला की काय होतं ते आम्हाला पाठ आहे. पहिल्या वर्षी एकसाली तण. त्याचं बी मातीत पडूनच असतं, वाट बघत. दोन-तीन वर्षांत मुळांवरून पसरणारं तण आणि गवत. मग काटे. निसर्गवाल्यांसाठी हे रान परतणं. माझ्यासाठी वाऱ्यावर येणारं बी, म्हणजे दोन खुरपण्या जास्त. बी कुंपणावर टकटक करून विचारत नाही.

नेपच्या शेजाऱ्यांनीही तक्रारीची पत्रं लिहिली होती असं वाचलंय. ते काही निसर्गाचे वैरी नव्हते.

पाणकोंबडी | शनिवार, सकाळी ८.१५

बरोबर, लिहिली होती. काटेरी थिसलवरून आणि रॅगवर्टवरून. रॅगवर्ट गुरांना विषारी असतं, त्यामुळे तो राग अनाठायी नव्हता. थिसलची गोष्ट तर मजेशीर आहे. त्याचे एकरच्या एकर माजले होते, मालकही धास्तावले होते. २००९ मध्ये पेंटेड लेडी फुलपाखरांचे प्रचंड थवे स्थलांतर करत आले, थिसलवर अंडी घातली, अळ्यांनी पानांची चाळण केली. पुढच्या वर्षी थिसल जवळजवळ गायब.

बांधकरी | शनिवार, सकाळी ८.२२

आणि फुलपाखरं आली नसती तर?

तसे थवे दरवर्षी येत नाहीत ना. तुम्ही नशिबाची गोष्ट उपाय म्हणून सांगताय.

पाणकोंबडी | शनिवार, सकाळी ८.३०

मान्य. इथं माझ्याकडे उत्तर नाही.

हिशोबी | शनिवार, दुपारी १२.५०

बांधापलीकडचा शेजारी दिसतो तरी. मला समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याबद्दल बोलायचंय, तो फोटोत कधीच येत नाही.

शेत बंद केलं म्हणून जेवणारी तोंडं बंद होत नाहीत. इथं न पिकलेलं धान्य दुसरीकडे पिकतं. प्रश्न एवढाच की कुठे. केंब्रिजचे अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ही 'गळती' मोजून मांडली. समजा ब्रिटनमधली एक हजार चौरस किलोमीटर नेहमीची पिकाऊ जमीन निसर्गाला दिली. तिथलं उत्पादन जिथं सरकेल तिथं प्रजाती जास्त आणि नाजूक आहेत, त्यामुळे जगाचा तोटा स्थानिक फायद्याच्या पाचपट निघाला. उलट ब्राझीलमधली तेवढीच सोयाबीनची जमीन पुन्हा जंगलाखाली आणली आणि तो सोयाबीन अमेरिका-अर्जेंटिनात पिकला, तर फायदा तोट्याच्या पाचपट. कृती तीच, जागा बदलली की उत्तर उलटं.

म्हणून 'रिवाइल्डिंग चांगलं की वाईट' या प्रश्नाला माझ्या लेखी अर्थच नाही. कुठली जमीन, तिच्यावर काय पिकत होतं, आणि ते आता कुठे पिकणार, हे तीन आकडे ठेवा, मग बोलू.

नेपच्या बाजूनंही एक आकडा देतो, नाहीतर मला शेतकरी संघटनेचा माणूस ठरवाल. २०२१ च्या इंग्लंडच्या राष्ट्रीय अन्न धोरणाच्या अहवालात आहे की तिथली सगळ्यात कमी उत्पादक २० टक्के जमीन फक्त ३ टक्के उष्मांक देते. ती सोडली तर गळती किरकोळ. भांडण त्या २० टक्क्यांबद्दल असायला हवं. पण ते पसरतं सगळ्या १०० टक्क्यांवर, कारण दोन्ही बाजूंना त्यात सोय आहे.

डॉ_मुंगी | शनिवार, दुपारी ३.४०

हिशोबी, तुमच्या म्हणण्यातून जो रस्ता निघतो तो आमच्याकडे 'राखणं की वाटून घेणं' या नावानं वीस वर्षं चघळला जातोय. एक पक्ष म्हणतो, थोड्या जमिनीवर भरघोस पिकवा आणि उरलेली पूर्ण निसर्गासाठी राखा. दुसरा म्हणतो, सगळीकडेच हलक्या हातानं शेती करा, म्हणजे पाखरं शेतातच नांदतील. घाना आणि उत्तर भारतात पक्षी आणि झाडं मोजून २०११ मध्ये जो अभ्यास आला त्यात बहुतेक प्रजातींसाठी पहिला मार्ग सरस ठरला. यात मेख अशी की एका एकरात जास्त पिकलं म्हणून दुसरा एकर कुणी आपणहून सोडत नाही. उलट पीक फायद्याचं झालं म्हणून तोही नांगरतात. राखायला कायदा लागतो नाहीतर पैसा.

पण मी आले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. 'हात काढून घेतला की निसर्ग परततो' हे वाक्य मला पाठच्या दातात अडकलेल्या कणासारखं टोचतं.

लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू. त्याची अळी सुरुवातीला थाइमच्या फुलांवर असते, मग जमिनीवर पडते आणि असा काही वास सोडते की लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेतात. आत बसून ती मुंग्यांचीच पिल्लं खाते. दहा महिने! (मुंग्यांबद्दल माझं प्रेम जगजाहीर आहे, पण इथं त्या फार भाबड्या वागतात.) ब्रिटनमध्ये हे फुलपाखरू कमी होऊ लागलं तेव्हा लोकांनी संग्राहकांना दोष दिला. एका ठिकाणी कुंपण घालून जागा राखली. कुंपणामुळे संग्राहक बाहेर राहिले, आणि चरणारी जनावरंही बाहेर राहिली. त्यात रोगाने ससे मेले. गवत वाढलं. गवत काही सेंटीमीटरांपेक्षा उंच झालं की जमिनीला ऊन लागत नाही, आणि जी एक नेमकी मुंगीची जात या अळीला पोसते तिला ऊबदार माती लागते. मुंगी गेली, पाठोपाठ फुलपाखरू. १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झालं. जेरेमी थॉमस यांनी कारण शोधलं तेव्हा फार उशीर झाला होता. नंतर स्वीडनहून अळ्या आणल्या, पुन्हा चराई सुरू केली, तेव्हा कुठे ते परत आलं.

म्हणजे ज्या रानाला हजारो वर्षं चरण्या-कापण्याची सवय आहे तिथं माणसानं निघून जाणं हीच आपत्ती असू शकते. पोर्तुगालच्या आतल्या भागात तरुण मंडळी शहरांत गेली, शेतं-कुरणं झुडपांनी भरली. कुणी योजना आखली नव्हती, आपसूक रिवाइल्डिंग. त्याला निलगिरीच्या लागवडी जोडून आल्या. २०१७ च्या वणव्यांत तिथं शंभराहून जास्त माणसं गेली. सोडून दिलेलं शेत म्हणजे फक्त पाखरांची सोय नव्हे, ते सरपणही असतं.

चावडीवाचक | शनिवार, दुपारी ४.०२

ती अळी आणि काही पाहुणे यांतलं साम्य लिहीत नाही, घरचे हा धागा वाचतात.

कुंपणाबाहेर | शनिवार, रात्री १०.१२

सगळं वाचलं. फुलपाखरं झाली, उष्मांक झाले. सत्तेबद्दल मात्र मूळ धाग्यातली एक ओळ सोडली तर कुणी बोललं नाही.

वेल्समध्ये २०१८ मध्ये 'समिट टू सी' नावाचा प्रकल्प जाहीर झाला. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत १० हजार हेक्टर जमीन आणि २८ हजार हेक्टरांहून जास्त समुद्र. पैसा आला, नकाशा आला, इंग्रजी नाव आलं. त्या नकाशात ज्यांची मेंढरं चरत होती त्यांना ते कळलं बातमीतून. तो भाग वेल्श बोलणारा. त्या भाषेत 'कनेविन' असा शब्द आहे. मेंढीला आपलं डोंगर-चरण्याचं क्षेत्र आईकडून कळतं, कुंपण नसतानाही ती ते सोडून जात नाही, त्या आपलेपणाला तो शब्द वापरतात, आणि माणसाच्या आपल्या मातीशी असलेल्या नात्यालाही. तिथं येऊन कुणी 'ही जमीन पुन्हा वन्य करू' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? 'तुम्ही इथे नसतात तर बरं झालं असतं.' आणि त्यांच्याकडे आठवणीही ताज्या आहेत. १९६५ मध्ये लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून कॅपेल केलिन हे अख्खं वेल्श गाव धरणाखाली गेलं. स्कॉटलंडात त्याआधी शतकभर मेंढ्यांसाठी माणसं हुसकली होती. आता झाडांसाठी मेंढ्या हुसकायच्या. हुसकणारा दरवेळी वेगळं पुण्य सांगतो एवढंच.

विरोध इतका झाला की २०१९ मध्ये रिवाइल्डिंग ब्रिटन ही संस्था प्रकल्पातून बाहेर पडली. पुढे स्थानिकांना घेऊन तो वेल्श नावानं नव्यानं मांडावा लागला.

२०२४ ची गोष्ट तर सगळ्यांनी पाहिली असेल. वेल्स सरकारनं अनुदानाला अट घातली की शेताच्या १० टक्के भागावर झाडं हवीत. सरकारच्याच एका अंदाजात ५,५०० रोजगार जातील असं निघालं. शेतकऱ्यांनी कार्डिफला संसदेच्या पायऱ्यांवर गमबुटांचे ५,५०० जोड मांडून ठेवले. रिकामे, रांगेत. भाषण नाही, घोषणा नाही. वर्ष संपायच्या आत अट गेली.

निवांत_नांगर | शनिवार, रात्री १०.५५

कुंपणाबाहेर, टोचलं आणि पटलं. पण मग स्थानिकांनी स्वतःच ठरवलं तर? स्कॉटलंडच्या दक्षिणेला लँगहोम नावाचं गाव आहे. कापडगिरण्या बंद पडलेल्या. शेजारचा माळ बक्लू घराण्याच्या इस्टेटीचा, शिकारीसाठी राखलेला. तो विकायला निघाला तेव्हा गावानं लोकवर्गणी आणि देणग्या जमवून २०२१ मध्ये ५,२०० एकर ३८ लाख पौंडांना घेतले आणि पुढच्या वर्षी आणखी ५,३०० एकर. आता तिथं गावाच्या मालकीचं टॅरस व्हॅली अभयारण्य आहे. तेच रिवाइल्डिंग, पण मालक गाव.

कुंपणाबाहेर | शनिवार, रात्री ११.१०

अगदी हेच. मला झाडांचं वावडं नाही, नकाशा कुणाच्या टेबलावर काढला जातो याचं आहे. फक्त एक टीप: तो माळ होता, चालती शेतं नव्हती. अन् वर्गणीही गावाबाहेरून खूप आली. प्रत्येक गावाला एवढे जगभरचे हितचिंतक मिळणार नाहीत.

रोखठोक | रविवार, सकाळी ९.००

धाग्यात अजून मेलेली घोडी आली नाहीत याचं आश्चर्य वाटतंय. ओस्तफार्डर्सप्लासन.

हॉलंडमध्ये समुद्र हटवून १९६८ मध्ये मिळवलेली जमीन. कारखाने यायचे होते, आले नाहीत, तोवर पाणथळ झाली, हंस-बदकं आली. फ्रान्स फेरा या अभ्यासकानं मांडणी केली की मोठी चरणारी जनावरं असतील तर युरोपचं जंगल दाट न होता मोकळं राहतं. मग ८३ मध्ये हेक गायी, ८४ मध्ये कोनिक घोडे, ९२ मध्ये लाल हरणं. ५६ चौरस किलोमीटर आणि भोवती कुंपण. शिकारी प्राणी नाहीत. दुसऱ्या जंगलाला जोडणारा पट्टा होणार होता, तो राजकारणात रद्द झाला. व्हायचं ते झालं: जनावरं वाढत गेली आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त मेली. बहुतेकांना उपाशी मरण्याआधी कर्मचाऱ्यांनीच गोळ्या घातल्या. लोक कुंपणावरून वाळलेलं गवत फेकत होते. त्यानंतर प्रांत सरकारनं जनावरांची संख्या ठरवून दिली.

कुंपणाच्या आत भूक लागणाऱ्याला 'वन्य' म्हणणं ही शुद्ध पळवाट आहे. गोठ्यात एक गाय अशी मेली असती तर शेतकऱ्याला कोर्टात उभं केलं असतं.

पाणकोंबडी | रविवार, सकाळी ९.४०

रोखठोक, यात माझं तुमच्याशी भांडण नाही, फक्त पुढची ओळ जोडते. नेपनं हाच धडा घेतला. तिथं दरवर्षी जनावरं मोजून कमी करतात आणि मांस विकतात, तो त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे. म्हणजे लांडग्याचं काम माणूस करतो. मग याला रिवाइल्डिंग म्हणायचं की फार सैल हातानं केलेली पशुपालनाची शेती? मला दुसरं नाव जास्त प्रामाणिक वाटतं, आणि त्यात काही कमीपणाही नाही.

हिशोबी | रविवार, सकाळी ११.३०

पाणकोंबडी, हे वाक्य सरकारी अर्जात लिहिलंत तर दोन्ही खिडक्यांवरून परत पाठवतील. शेतीवाले म्हणतील झुडपं आहेत, निसर्गवाले म्हणतील गायी आहेत. विनोद नाही. युरोपात वर्षानुवर्षं अनुदान एकरामागे मिळायचं आणि झुडपांखाली गेलेला भाग त्यातून वजा व्हायचा. म्हणजे पाखरांची जाळी तोडण्यासाठी लोक पैसे घेत होते, आणि दुसऱ्या योजनेत जाळी लावण्यासाठीही.

माझी खरी धास्ती मुदतीची आहे. जंगल व्हायला पन्नास-शंभर वर्षं, करार दहा-पंधरा वर्षांचा, आणि मंत्री किती दिवसांचा ते विचारू नका. अमेरिकेत १९८५ पासून सीआरपी योजना आहे: धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षं पिकाखालून काढा, सरकार भाडं देईल. २००७ मध्ये तिच्याखाली साडेतीन कोटी एकरांहून जास्त जमीन होती. मग इथेनॉलमुळे मक्याचा भाव चढला, करार संपले, नांगर परत. २०१५ पर्यंत अडीच कोटींच्या आसपास उरली. युरोपानं १९९२ मध्ये जमिनीचा ठरावीक हिस्सा पडीक ठेवणं सक्तीचं केलं, ते निसर्गासाठी नव्हतंच, कोठारं ओसंडत होती म्हणून. त्या पडीकात पाखरं नांदायला लागली. २००८ मध्ये धान्य महागल्यावर सक्ती उठली, पाखरांना कुणी नोटीस दिली नाही. इंग्लंडमधली शाश्वत शेतीची नवी योजना तर मार्च २०२५ मध्ये एका संध्याकाळी नव्या अर्जांसाठी बंदच केली.

शेतकऱ्यानं यावर विसंबून वीस वर्षांचा निर्णय का घ्यावा? एकदा झुडपं आली की परत शेत करायला यंत्र लागतं, पैसा लागतो, आणि एखादा दुर्मीळ होला आला असेल तर कदाचित परवानगीही मिळणार नाही.

बांधकरी | रविवार, दुपारी १.१५

हिशोबीकाका, शेवटचं वाक्य सोन्यानं मढवा. आमच्यात जो जमीन सोडायला कचरतो तो पाखरांना घाबरत नाही, पाखरांबरोबर येणाऱ्या कागदाला घाबरतो. आज मी राजीखुशीनं कोपरा सोडला, उद्या तो कोपरा माझा राहिला नाही, असं होणार असेल तर मी दरवर्षी तो मुद्दाम नांगरून ठेवीन. पीक येवो न येवो.

डॉ_मुंगी | रविवार, दुपारी २.००

आणि तसं खरोखर करतात. संरक्षण जितकं कडक तितका नांगर आधी फिरतो.

जाता जाता कझाकस्तान. १९५४ मध्ये सोव्हिएत सरकारनं तिथला प्रचंड गवताळ प्रदेश गव्हासाठी नांगरायला घेतला. १९९१ नंतर व्यवस्था कोसळली, लाखो हेक्टर शेतं ओस पडली, गवत परतलं. सायगा नावाचं फुगीर नाकाचं हरिण चोरट्या शिकारीनं संपत आलं होतं, २००५ च्या सुमारास ४० हजारांच्या आसपास. संरक्षण दिलं, वाढलं. २०१५ मध्ये एका जिवाणूनं काही आठवड्यांत दोन लाख मेली. तरी २०२३ मध्ये मोजणी १९ लाखांवर गेली. धोक्याच्या यादीत एवढी मोठी उडी क्वचित कुणी मारली असेल. आणि त्याच वर्षांत शेतकरी सांगत होते की कळप पीक तुडवतात, पाणवठे आटवतात, आवरा यांना.

यश मिळालं की भांडण सुरू होतं. अपयशी प्रकल्पावर कुणी चिडत नाही.

चावडीवाचक | रविवार, दुपारी २.३०

राजकारणाचा विषय आहे म्हणून एक किस्सा. युरोपीय संघाचा निसर्ग पुनर्स्थापना कायदा जून २०२४ मध्ये शेवटच्या मतदानाला आला तेव्हा गणित एका देशावर अडलं होतं. ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोर गेवेस्लर यांनी स्वतःच्या चॅन्सलरचा विरोध डावलून बाजूनं मत दिलं. कायदा झाला, घरी वादळ. त्याआधी शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्च्यांमुळे शेतीची कलमं बरीच मवाळ केली होती, अन्नटंचाई आली तर थांबवता येईल असा ब्रेकही बसवला होता.

दुसरा किस्सा: २०२२ मध्ये जर्मनीत एका लांडग्यानं एक म्हातारं तट्टू मारलं. ते निघालं युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचं. दोन-तीन वर्षांत लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आलं. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. लांडगा मात्र तट्टू निवडताना चुकला.

निवांत_नांगर | रविवार, सायंकाळी ७.४५

सगळ्यांचे आभार. धागा काढताना मी नेपच्या बाजूला ७०-३० होतो, आता कुठे आहे सांगता येत नाही. हिशोबींच्या त्या २० टक्के जमिनीपाशी मात्र मी थांबलोय. तिथं करून बघायला हरकत नाही असं अजून वाटतं.

बांधकरी, तुम्हालाच विचारतो. समजा तुमच्या शेजारची जमीन त्या २० टक्क्यांतली आहे आणि मालकानं ती सोडायचं ठरवलं. तुम्ही काय मागाल? नुकसानभरपाई?

बांधकरी | रविवार, रात्री ८.३०

भरपाई नंतर. ती मागायला पंचनामा, पंचनाम्याला माणूस, माणसाला सवड. तोवर हंगाम जातो.

बीव्हरचं उदाहरण घ्या, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्या-नद्यांत धरणं बांधणारा प्राणी. स्कॉटलंडात टे नदीच्या खोऱ्यात सुपीक शेतांच्या कडेनं बीव्हर पसरले. बांध पोखरले, निचऱ्याचे चर तुंबवले. २०१९ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं आणि त्याबरोबर मारण्याचे परवानेही. पहिल्या आठ महिन्यांत ८७ मारले. दोन्ही बाजूंची नामुष्की. जर्मनीत बव्हेरियात बीव्हर कितीतरी जास्त आहेत. तिथं भरपाईचा निधी आहेच, पण प्रशिक्षण दिलेले बीव्हर-सल्लागारही आहेत, बरेचसे स्वयंसेवक. चर तुंबला की त्यांना बोलवायचं, ते येऊन बघतात, जाळी बसवायची की धरण उपसायचं ते सांगतात.

मला एवढंच हवंय. कुंपण तुटलं, चर तुंबला तर कुणाला फोन करायचा त्याचं नाव. कार्यालय नको, माणूस हवा. तो मिळाला तर माझा निम्मा विरोध आजच मागे.

पाणकोंबडी | रविवार, रात्री ८.४१

आणि उरलेला निम्मा?

बांधकरी | रविवार, रात्री ८.४४

तण, ताई. तण.